स्तनाच्या कर्करोगात कोणाची कोणती मदत खरोखर उपयोगी पडली?

ओवी
काल माळा आवरताना निळ्या छिटाची, खांद्याला अडकवायची एक लहान पिशवी हाती लागली आणि २०१६ चा पावसाळा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या काखेखालून ड्रेनची, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी, नळी निघत होती. तिच्या टोकाच्या डब्यात साचलेले पाणी रोज मोजून वहीत लिहावे लागे आणि तो डबा हातात धरून न्हाणीघरापर्यंत जाण्याचीही मला लाज वाटे. माझ्या जाऊबाईंनी काहीही न विचारता, आपला जुना परकर कापून ही पिशवी एका दुपारीत शिवून आणली. भेटायला येणारे सगळे "काही लागले तर सांग" असे मनापासून म्हणत होते. पण काय लागेल हे मलाच कळत नव्हते, आणि कळले तरी मागायला जीभ रेटत नव्हती. म्हणून विचारते, तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला कोणाची कोणती मदत उपयोगी पडली, ते कृपया लिहा.

रानजाई
शेजारच्या काकूंचा डबा. लाल औषधाच्या केमोनंतर फोडणीच्या नुसत्या वासाने मला उमळून येत असे, हे त्यांनी एकदाच ऐकले आणि पुढे दर वेळी बिनफोडणीची मुगाची खिचडी दिली. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे मला संसर्ग होऊ नये म्हणून त्या आत न येता डबा दाराच्या कडीला अडकवून जात. रिकामा डबा परत करू नये ही आपली रीत. पण "तू तो रिकामाच बाहेर ठेवायचा, त्यात साखरसुद्धा घालायची नाही," असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

केळीची बाग
आईला जळगावहून परळच्या टाटा रुग्णालयात नेत होतो आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरत होतो. तिथे शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाने रेल्वेच्या सवलतीची माहिती दिली. उपचारांसाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये रुग्णाला १०० टक्के आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, हे तोवर आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. इकडे गावात मित्राने कापसाच्या वेचणीसाठी मजूर लावले आणि हिशेब वहीत लिहून ठेवला. शेताची काळजी डोक्यात असती, तर आईजवळ मी नुसता देहाने बसलो असतो.

रानजाई
सवलतीचा अर्ज कुठे मिळतो? माझ्या मावशींना हवा आहे.

केळीची बाग
रुग्णालयातूनच भरून, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी घ्यावा आणि आरक्षणाच्या खिडकीवर दाखवावा. मूळ प्रत देण्याआधी छायाप्रत काढून ठेवावी.

कस्तुरी
मी आधी माझी चूक सांगते. मैत्रिणीचे केस गळू लागले तेव्हा "अगं, केस काय, पुन्हा येतील," असे मी म्हणाले आणि ती उठून आत गेली. तिने मला माफ केले, पण ते वाक्य मला आजही टोचते. नंतर तिच्यासाठी सुती धाग्याचा, विणलेला कृत्रिम स्तन मिळाला. काही महिला गट असे स्तन विणून विनामूल्य देतात. ते हलके असतात आणि उकाड्यात सिलिकॉनच्या महागड्या स्तनापेक्षा तिला बरे वाटतात. आता क्रोशाची सुई मीही हाती घेतली आहे. माझे पहिले दोन चांगले झाले नाहीत म्हणून उसवले, कारण ज्या बाईला ते मिळणार, तिला ते रोज अंगाशी लावायचे असते.

सोबती
पत्नीची शस्त्रक्रिया चालू असताना माझे एक सहकारी पाच तास माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांनी धीराचे एकही वाक्य उच्चारले नाही, मला दोनदा चहा पाजला आणि मुलीला शाळेतून आणण्याची व्यवस्था परस्पर केली. नवऱ्यालाही कोणीतरी लागते.

शुश्रूषा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो आणि हाताला सूज येण्याची शक्यता राहते, म्हणून भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम आम्ही शिकवतो. परंतु घरी एकटीने तो करताना बायका दुखण्याला भिऊन थांबतात. माझ्या एका रुग्णाची सासू रोज संध्याकाळी तिच्या शेजारी उभी राहून तोच व्यायाम करत असे आणि भिंतीवर पेन्सिलीने तारखेसह खूण करत असे. महिन्याभरात त्या खुणा स्विचबोर्डाच्या वर गेल्या होत्या.

ओवी
त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझे उपचार संपल्यावर येणे-जाणे थांबले, कारण लोकांच्या दृष्टीने मी बरी झाले होते. कर्करोग उलटू नये म्हणून घ्यायची गोळी मात्र पाच वर्षे चालू होती आणि प्रत्येक तपासणीआधी झोप उडत असे. एक मैत्रीण दर वेळी रजा टाकून माझ्यासोबत येते, अगदी यंदाही आली.

पाऊलखुण
माझ्या वहिनींची शस्त्रक्रिया येत्या सोमवारी आहे. ओवीताई, पिशवीचे माप मिळेल का?

ओवी
डबा वीतभर उंच असतो, म्हणून पिशवी त्याहून चार बोटे मोठी ठेवा. नळीला ताण पडू नये इतका पट्टा लांब असावा, आणि शस्त्रक्रिया ज्या बाजूची आहे तिच्या विरुद्ध खांद्यावर तो घ्यावा. कापड सुती, धुता येईल असे घ्या आणि दोन शिवा, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येईल.