मदत हवी आहे: स्टार्टर, टाइमकीपर, चेकर हे युनियनसाठी ‘कामगार’ की ‘पर्यवेक्षक’?

डबल_बेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमात नोकरीला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. कंडक्टर म्हणून लागलो, बढतीवर स्टार्टर झालो. आगारातल्या युनियन शाखेचं कामही माझ्याकडेच आहे. मान्यतेसाठी औद्योगिक न्यायालयात अर्ज टाकलाय आणि सध्या सभासदांची पडताळणी चालू आहे. आता प्रशासनाने लेखी हरकत घेतली की स्टार्टर, टाइमकीपर आणि तिकीट तपासनीस (आमच्याकडे सगळे चेकरच म्हणतात) हे पर्यवेक्षक आहेत, सबब त्यांची नावं यादीतून वगळा. ही सगळी जुनी, पक्की सभासद मंडळी. मान्यतेसाठी एकूण कर्मचाऱ्यांपैकी किमान ३० टक्के सभासद लागतात, ती गेली तर ते गणित डळमळतं.

हरकतीत कारणं दिलीत तीन. एक, बढतीच्या आदेशात ‘पर्यवेक्षकीय संवर्ग’ असा शब्द आहे. दोन, आम्ही चालक-वाहकांना ड्युट्या लावतो. तीन, आम्ही त्यांच्याविरुद्ध रिपोर्ट करतो.

प्रत्यक्षात काय चालतं ते सांगतो. स्टँडच्या केबिनमध्ये बसून गाडी वेळेवर सोडायची, लॉगशीटवर वेळ टाकून सही करायची. ड्युटीचा तक्ता वाहतूक विभागातून ठरून येतो. कुणी दांडी मारली तर स्पेअरमधला माणूस द्यायचा, तोही ज्येष्ठतेच्या रजिस्टरप्रमाणे. एखादी खेप रद्द करायची तर कंट्रोलला फोन करून विचारावं लागतं. टाइमकीपर हजेरी आणि येण्याजाण्याच्या वेळा नोंदवतो. चेकर गाडीत चढतो, तिकिटं बघतो, मशीनचा आकडा आणि कॅश ताडून बघतो, घोळ दिसला तर रिपोर्ट लिहून वर पाठवतो. पुढे काय होतं ते त्यालाही कळत नाही.

पगार मात्र सगळ्यांचा १८ हजारांच्या बराच वर आहे. एक सहकारी म्हणतो, ‘पगाराची मर्यादा ओलांडली, विषय संपला.’ खरंच संपला का? जाणकारांनी सांगावं.

---

पाटी_बदला

पदनामावरून काही ठरत नाही एवढं नक्की माहीत आहे. आमच्या कंपनीत तर कॅन्टीनमधल्या पोराच्या बिल्ल्यावरही ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं आहे. बाकी वकिलांना बोलू द्या.

---

बिनफीचा_वकील

डबल_बेल, विषय संपलेला नाही. पण तुमच्या यादीत तीन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत, ते आधी सोडवू.

पहिला, युनियनचं सभासद होता येतं का? येतं. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात उद्योगात नोकरीला असलेला कुणीही त्यात बसत होता. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही संघटनांच्या प्रकरणापुरती ‘कामगार’ची व्याख्या तशीच रुंद ठेवली आहे. तेव्हा ‘तुम्ही पर्यवेक्षक, तुम्हाला युनियनमध्ये राहता येणार नाही’ असं कुणी केबिनमध्ये बोलावून सांगत असेल तर ती निव्वळ दमदाटी आहे.

दुसरा, मान्यतेच्या मोजणीत धरतात का? तुमचा अर्ज महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता आणि अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्याखाली असणार, कारण सहा महिने किमान ३० टक्के सभासद असण्याची अट तिथलीच. (उपक्रम १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली येत नाही ना, ते मात्र बघून घ्या. तसं असेल तर सगळी वाटच बदलते.) या कायद्याने ‘कर्मचारी’ कोण ते स्वतः सांगितलेलं नाही, ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येकडे बोट दाखवून मोकळं झालं. म्हणून तुमची खरी लढाई त्या व्याख्येवर आहे.

तिसरा, उद्या बदली, बडतर्फी झाली तर औद्योगिक न्यायालयाचं दार उघडं आहे का? त्याचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावरच अवलंबून. म्हणून ही हरकत हलक्यात घेऊ नका. आज पडताळणीत ‘पर्यवेक्षक’ हा शिक्का बसला की उद्या प्रत्येक स्टार्टरच्या वैयक्तिक केसमध्ये तोच कागद समोर येणार.

आता पगार. १९४७ च्या त्या जुन्या कायद्यात पर्यवेक्षकासाठी मर्यादा आधी ५०० रुपये होती, मग १,६००, आणि २०१० च्या दुरुस्तीने १०,०००. नव्या संहितेत १८,०००. सहकाऱ्याची गफलत इथेच आहे: ही मर्यादा फक्त पर्यवेक्षकीय काम करणाऱ्याला लागते. हाताने, तांत्रिक, कारकुनी, चालवण्याचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. ५० हजार घेणारा ड्रायव्हर कामगारच. उलट पर्यवेक्षक ठरलात तर आजच्या पगारात तुम्ही बाहेर. मर्यादा इतकी खाली राहिली आहे की पगाराच्या मुद्द्यावर आता कुणी वाचत नाही, सगळं येऊन ठेपतं ते ‘काम कसलं?’ या एका प्रश्नावर.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाची ओळ बरीच सरळ आहे. मुख्य काम कोणतं ते बघा, जोडकाम सोडा. आनंदबाजार पत्रिकेच्या जुन्या प्रकरणात एका विभागाचा प्रमुख कारकून होता, हाताखाली माणसंही होती, तरी त्याचं मुख्य काम कारकुनी म्हणून तो कामगार ठरला. सिबा गायगीच्या १९८५ च्या निकालातही हेच: आधी प्राथमिक काम शोधा, मग बाकीचं बघा.

चेकरसाठी तुम्हाला हवा तो निकाल १९८८ चा, नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजचा. तिथे अंतर्गत लेखापरीक्षक होता. तपासायचं आणि वर कळवायचं, स्वतः निर्णय काही घ्यायचा नाही. न्यायालयाने त्याला कामगार धरलं. गाडीत चढून तिकिटं तपासणारा याहून वेगळं काय करतो?

एक धोक्याची सूचना. ‘आम्ही पर्यवेक्षक नाही’ एवढं म्हणून भागत नाही. सँडोझच्या १९९४ च्या निकालात घटनापीठाने सांगितलंय की व्याख्येतल्या कामांपैकी कोणत्या तरी प्रकारात बसल्याचं दाखवावं लागतं. स्टार्टर-टाइमकीपरचं मुख्य काम कारकुनी आहे, नोंदी ठेवण्याचं आहे, असं ठामपणे मांडा.

---

निवृत्त_टीसी

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागद सांगतो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो.

भाऊ, तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे रजेचा अर्ज. कंडक्टर अर्ज देतो तुमच्या खिडकीवर. तुम्ही कोपऱ्यात लिहिता ‘पर्याय उपलब्ध, पुढे सादर’ आणि सही. मग तो साहेबांच्या टेबलावर जातो, तिथे ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ पडतं. असे वर्षभराचे अर्ज काढा. त्यातही तुम्ही ‘पर्याय उपलब्ध’ लिहिलेलं असताना साहेबांनी नामंजूर केलेले वेगळे काढा. ते सोन्याचे कागद. तुमच्या शब्दाला किती वजन आहे ते त्यातून दिसतं.

तसंच ड्युटीचं. स्पेअर रजिस्टरच्या झेरॉक्स लावा. क्रमाने माणूस उचलायचा असेल तर त्यात डोकं लावायला जागाच कुठे आहे? मात्र क्रम मोडून तुम्ही आपल्या मर्जीने ड्युट्या दिल्या असतील (देतात हो सगळे, सणासुदीला कुणाला गावाला जायचं असतं), तर समोरचा वकील नेमकी तीच पानं उघडेल. तयारीत राहा.

आणि रात्रपाळी विसरू नका. रात्री आगारात अधिकारी नसतो, तेव्हा नियंत्रकच राजा. प्रशासन म्हणणार, बघा, अख्खं आगार हा सांभाळतो. तर रात्रीच्या घटनांची नोंदवही बघा. ड्रायव्हर पिऊन आला तर तुम्ही त्याला गाडी देत नाही, बरोबर. पण निलंबन कोण करतं?

---

न्यूजर्सीचा_नाना

इकडचं सांगतो, तुलनेसाठी. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने पर्यवेक्षकांना खासगी क्षेत्रातल्या युनियनच्या संरक्षणातून बाहेर काढलं. कायद्यात अधिकारांची यादीच आहे: नोकरीवर घेणे, काढणे, बदली, निलंबन, बढती, बक्षीस, शिस्त, काम नेमून देणे, तक्रारी मिटवणे वगैरे. यातला एकही अधिकार स्वतःच्या बुद्धीने वापरत असाल, नुसता ठरल्या चाकोरीतला नसेल, तर तुम्ही पर्यवेक्षक. शिफारस जरी परिणामकारक असली तरी चालते. पण सरकारी परिवहन सेवांना हा कायदा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६७ चा टेलर कायदा आहे, तो व्यवस्थापकीय आणि गोपनीय पदं वगळतो, पर्यवेक्षकांना नाही. त्यामुळे न्यूयॉर्क शहराच्या सबवेत पर्यवेक्षकांच्या स्वतःच्या वेगळ्या युनियन आहेत.

---

लाल_डबा

नाना, माहिती छान, पण तिकडचा कायदा इकडच्या कोर्टात दाखवून उपयोग नाही.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. मी कंडक्टर आहे. ज्या चेकरने माझ्यावर रिपोर्ट मारला तोच माझ्या युनियनचा सभासद. खातेनिहाय चौकशीत युनियनचा पदाधिकारी माझा बचाव करायला उभा राहतो आणि समोर साक्षीदार म्हणून आपलाच चेकर. पदाधिकाऱ्याने त्याची उलटतपासणी घ्यायची की नंतर त्याच्याबरोबर चहा प्यायचा? चेकर लोकांची युनियन वेगळी असलेलीच बरी, असं माझं मत. कायदा काय म्हणतो ते नंतर.

---

डबल_बेल

लाल_डबा, तुमचं दुखणं खोटं नाही. आमच्याकडे अशा चौकशीत बचावाला दुसऱ्या आगाराचा पदाधिकारी पाठवतो. पूर्ण उपाय नाही, पण निभतं. चेकर उद्या वेगळे झाले तर त्यांची संघटना चिमूटभर राहील आणि वाटाघाटीच्या टेबलावर कुणी विचारणार नाही, ही त्यांचीच भीती आहे.

वकीलसाहेब, एक अडचण. आमच्या दोन वरिष्ठ चेकरना मागे काही काळ प्रभारी वाहतूक निरीक्षक केलं होतं. त्या काळात आरोपपत्रांवर ‘सक्षम प्राधिकारी करिता’ म्हणून त्यांच्या सह्या आहेत. प्रशासनाने हरकतीला नेमकी तीच आरोपपत्रं जोडलीत.

---

बिनफीचा_वकील

हं. ही खरी हरकत आहे, बाकीच्या तीन भरतीच्या.

तिला असं तोडा. ‘करिता’ सही म्हणजे अधिकार दुसऱ्याचा, हात तुमचा. आरोपपत्र काढण्याचा निर्णय कुणी घेतला ती टिप्पणी फाइलमध्ये असणार, ती मागा. प्रभारी नेमणुकीचे आदेशही जोडा, कारण तात्पुरता पदभार म्हणजे मूळ पदाचं काम नव्हे. आणि त्या दोघांची बाजू समजा पडलीच, तर दोनच नावं जातील, सगळा संवर्ग नाही. तीन पदं एका हरकतीत बांधली आहेत, ती वेगळी करा. स्टार्टरचं काम निराळं, टाइमकीपरचं निराळं, चेकरचं निराळं. प्रत्येक पदावरच्या एकेका माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या, सकाळी हजर झाल्यापासून सुटेपर्यंत काय काय केलं असं. ‘मी देखरेख करतो’ असली वाक्यं त्यात येऊ देऊ नका. कौतुकाने लिहितात लोक आणि मग उलटतपासणीत अडकतात.

आणखी एक, हे मला आधीच विचारायला हवं होतं. हरकतीत एकूण कर्मचाऱ्यांची संख्या किती दिली आहे? या तीन पदांची नावं तुमच्या सभासद यादीतून कापली, पण एकूण संख्येत ठेवली, असं अनेकदा होतं. ते कर्मचारी नसतील तर टक्केवारीत वरूनही (सभासदांतून) जातील आणि खालूनही (एकूण संख्येतून).

---

डबल_बेल

आत्ताच बघितलं. एकूण संख्येत तिन्ही पदं धरलेली आहेत!

---

बिनफीचा_वकील

मग सोमवारी पहिला अर्ज त्याचाच. संवर्गनिहाय एकूण संख्या आणि हजेरीपटाची प्रत मागा. दुसरा अर्ज मूळ कागद हजर करण्यासाठी: रजेचे अर्ज, स्पेअर रजिस्टर, रात्रीची नोंदवही, आरोपपत्रांच्या टिप्पण्या. मूळ दप्तर उपक्रमाच्या ताब्यात आहे, त्यामुळे आगारातून गुपचूप झेरॉक्स काढत बसू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई काढतील. न्यायालयाकडून मागवा. मागूनही दिले नाहीत तर त्याचा अर्थ त्यांच्या विरोधात काढावा, असं म्हणायला जागा राहते.

---

निवृत्त_टीसी

झेरॉक्सचं मी सुचवलं होतं, पण वकीलसाहेब म्हणतात तेच करा. फक्त रजिस्टरचे अनुक्रमांक आणि तारखा आजच वहीत टिपून ठेवा. ‘रजिस्टर सापडत नाही’ हे उत्तर येणारच आहे, तेव्हा कोणतं रजिस्टर ते तरी सांगता आलं पाहिजे.