ग्रँड टूरर कॉन्सेप्टच्या बाह्यरूपाला गुण कसे द्यावेत?

पुसटरेषा
नमस्कार मंडळी. मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धेचं परीक्षण करायचं आहे. विषय : २+२ आसनांची (पुढे दोन मोठी, मागे दोन छोटी) इलेक्ट्रिक ग्रँड टूरर, म्हणजे लांबचा प्रवास वेगात आणि आरामात करायची गाडी. प्रत्येक गटाकडून १:४ मापाचं क्ले मॉडेल, एक साइड व्ह्यू आणि दोन रेंडरिंग (रंगवलेली चित्रं) येतील. एका मॉडेलला २० मिनिटं मिळतील. ‘छान दिसते’ यापलीकडे नेमकं काय बघायचं, कुठल्या क्रमाने? आणि इंजिनच नाही, तर लांब बॉनेटला गुण द्यायचे का?

तिरपी काच
रेंडरिंग सुरुवातीला बघूच नका. त्यात चाकं फुगवलेली आणि छप्पर दाबलेलं असतं. ते एकदा डोळ्यांत बसलं की मॉडेलमधले दोष दिसेनासे होतात.

साइड व्ह्यू आणि मोजपट्टी घ्या. टायरचा बाहेरचा व्यास हे एकक धरा. समजा टायर २५५/३५ आर २२ आहे (रुंदी २५५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या ३५ टक्के, रिम २२ इंच). रिम ५५९ मिमी, वरची-खालची साइडवॉल मिळून १७८, एकूण ७३७; म्हणजे मॉडेलवर १८४. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २९०० असेल तर दोन टायरांमधल्या जागेत तशीच जवळजवळ तीन चाकं मावतात. ग्रँड टूररला हे प्रमाण शोभतं. साडेतीनच्या पुढे गाडी लिमोझिनसारखी ताणलेली वाटते, अडीचला आली की ती आखूड स्पोर्ट्स कार होते. उंची १३२० धरली तर चाक तिच्या ५६ टक्के भरतं. हे निम्म्याच्या खाली गेलं की अंग जड दिसायला लागतं.

मग ए-पिलरची (पुढच्या काचेशेजारच्या खांबाची) रेषा खाली वाढवा. ती पुढच्या चाकाच्या मध्यावर किंवा जराशी मागे उतरायला हवी. चाकाची कमान आणि दाराची पुढची कड यांच्यात मोकळी जागा असली पाहिजे. ग्रँड टूररचा सगळा रुबाब त्या वीतभर जागेत असतो. ती नसेल तर बॉनेट फक्त नाकाकडे लांबतं, पुढचा ओव्हरहँग (चाकाच्या मध्यापुढे आलेला भाग) वाढतो आणि गाडी तोंडावर पडल्यासारखी दिसते. ओव्हरहँग ८५० मिमीच्या आत, म्हणजे मॉडेलवर साधारण २१२ पर्यंत ठीक.

इलेक्ट्रिकमध्ये लांब बॉनेटला खरं कारण आहे. फ्लोअरखालचा बॅटरी पॅक १०० ते १५० मिमी जाड असतो, तो बसणाऱ्याला आणि छपराला वर ढकलतो. ती वाढलेली उंची लपवायला लांबी लागते. जॅग्वारने डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत दाखवलेली टाइप ०० पाहा, इलेक्ट्रिक असून बॉनेट लांबलचक. पण विद्यार्थ्यांना विचारा, पॅक नेमका कुठे बसवला आहे? पोर्शच्या टायकानमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी पॅकमध्येच खळगे सोडलेत. असा विचार केलेला दिसला तर गुण द्या. ‘दिसायला बरं म्हणून’ असं उत्तर आलं तर कापा.

टेपरेघ
वरच्या मोजमापांशी पूर्ण सहमत. पृष्ठभागाबद्दल लिहितो, कारण परीक्षक इथेच घाई करतात.

टेबलावरचं मॉडेल उभं राहून बघितलं की आपण उंचावरून गाडी बघत असतो. माणसाची नजर १६०० मिमीवर धरली तर १:४ ला ती टेबलापासून ४०० मिमीवर हवी. खुर्ची घ्या, अडीच मीटर मागे सरका, मगच बघा. फोटो काढायचा तर मोबाइलची वाइड लेन्स नको. ती नाक सुजवते. दोन-तीन पट झूम ठेवून लांबून काढा.

नुसती क्ले मॅट असते, चुका गिळते. गटांना आधीच कळवा की एका बाजूला तरी डाय-नॉक फिल्म (क्लेवर ताणून बसवायची चकचकीत फिल्म) लावून आणा. मग खोलीतले बाकीचे दिवे बंद करून चार फुटी ट्यूब मॉडेलला समांतर धरा आणि सावकाश वर न्या. तिचं प्रतिबिंब फेंडरवरून (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरून) दारावर आणि तिथून मागच्या खांद्यावर (काचेखालच्या फुगीर भागावर) सलग सरकलं पाहिजे. बहुतेक वेळा ते मागच्या कमानीच्या वर, दार संपतं तिथे, तुटतं किंवा चिमटतं. दोन पृष्ठभाग तिथे स्पर्शरेषेपुरते जुळवलेले असतात, वक्रता जुळवलेली नसते; म्हणजे दिशा जुळते, पण वाक एकदम बदलतो. ही चूक पुसून जात नाही, तो भाग खरवडून नव्याने भरावा लागतो.

शेवटी मागून बघा. केबिन खांद्यांच्या आत बसलेली दिसली पाहिजे. काच आणि खांदा एकाच रेषेत असतील तर ती उंची कमी केलेली सेडानच.

आणखी एक, मॉडेल पश्चिमेच्या खिडकीशी ठेवू देऊ नका. दुपारच्या उन्हात क्ले मऊ पडते, धारदार कडा बसतात आणि दोष विद्यार्थ्यांच्या माथी येतो.

उंचवटा
कॉन्सेप्ट असली तरी रस्त्याचं भान हवं. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. २९०० व्हीलबेसच्या दोन्ही चाकांमध्ये त्याचा फुगवटा जेमतेम ६२ मिमी येतो, म्हणून ११० मिमी क्लिअरन्सवर (गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर) गाडी निघून जाते. पण सोसायटीच्या गेटापाशी फूटभर रुंदीचा उंचवटा असतो, तिथे त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. माणसं बसली की गाडी आणखी खाली. ११० वर अडलेल्या गटाला वर-खाली होणारं सस्पेन्शन आहे का, एवढं विचाराच.

दोन कागद कापून न्या. १२५ × ३० मिमीचा तुकडा म्हणजे ५०० × १२० ची नंबरप्लेट. नाकावर धरा. जिथे ती बसवायला जागाच ठेवलेली नाही, तिथे चेहऱ्याचा विचार अर्धवट आहे. दुसरा १३८ × ८८ चा, म्हणजे केबिन बॅगेची बाजू. शेपटीशेजारी धरा. समृद्धीवरून ७०१ किमी दोघांनी जायचं तर अशा दोन बॅगा मावायलाच हव्यात.

चाक आणि कमानीतली फट १० मिमी दाखवली असेल तर चाक वळणार कसं, वर उचललं जाणार कसं? सगळे कॉन्सेप्ट हे करतात, म्हणून थोडेच गुण कापा.

पुसटरेषा
फारच उपयोगी. विभागणी अशी करतोय : प्रमाण ४०, पृष्ठभाग २५, गाडीची चाकांवर उभं राहण्याची ढब १५, तपशील १०, रस्ता १०. रस्त्याचे गुण कमी होतात का?

उंचवटा
चालतील. पण बॅगा मावत नसतील तर प्रमाणाच्या ४० मधूनही कापा. शेपूट आखूड पडली हा प्रमाणाचाच दोष.

तिरपी काच
तपशिलांचे १० सगळ्यात शेवटी द्या. लॅम्प आणि ग्रिल नीट बघायचे असतील तर त्याआधी बाकीचे ९० गुण लिहून पेन खाली ठेवलेलं असू द्या.