यूके मेडिकलची एमएमआय (छोट्या छोट्या टप्प्यांची मुलाखत): १४ वर्षांची मुलगी गर्भनिरोधक गोळ्या मागते. उत्तर कसं बांधायचं?

निशिगंध: धाकट्या बहिणीची इंग्लंडमधल्या मेडिकल कॉलेजसाठी मुलाखत आहे. सरावातला प्रश्न असा: १४ वर्षांची मुलगी एकटीच जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) येते, गर्भनिरोधक गोळ्या मागते आणि 'आईला सांगू नका' म्हणते. बहीण स्वायत्तता, हित, अपाय टाळणं, न्याय ही वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं म्हणून दाखवते आणि तिथेच अडकते. एका स्टेशनला, म्हणजे टप्प्याला, ७ मिनिटं आहेत.

आघाडा: नुसती यादी ऐकून परीक्षकाला काही कळत नाही. कुठली तत्त्वं एकमेकांच्या आड येतात ते बोलायला हवं. इथे एकीकडे मुलीची गोपनीयता, दुसरीकडे तिची सुरक्षितता. गोळ्या द्यायच्या की नाही हा निकाल पहिल्याच वाक्यात नको. डॉक्टर आधी काय विचारेल ते सांगा: जोडीदाराचं वय किती? कुणाची जबरदस्ती आहे का? हेच बहुतेक जण विसरतात, आणि सगळं उत्तर तर त्यावरच ठरतं. जोडीदार तिशीचा निघाला तर गोष्ट सेफगार्डिंगची, म्हणजे मुलीला अत्याचारापासून वाचवण्याची होते. म्हणून 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन टाकू नये.

मग गिलिक खटला. हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) १९८५चा निकाल: १६ वर्षांखालच्या मुलाला उपचार पुरेसा समजत असेल तर त्याची स्वतःची संमती चालते. गर्भनिरोधकांसाठी त्याच खटल्यातले न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर यांच्या कसोट्या लावायच्या. तिला सल्ला समजतो का, पालकांना सांगायला मन वळवून पाहिलं का, गोळ्या नाही मिळाल्या तरी संबंध चालू राहतील का, न दिल्यास शरीराला किंवा मनाला अपाय होईल का, आणि देणं तिच्या हिताचं आहे का. उत्तरं 'हो' असतील तर गोळ्या द्याव्यात, आणि हे स्पष्ट बोलावं. 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' म्हणून थांबलं की गुण जातात.

सायली_लेस्टर: घरी सराव घेणारे आई-बाबा भारतातला कायदा डोक्यात ठेवून बोलतात, तिथे घोटाळा होतो. पॉक्सोखाली (बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) १८ वर्षांखालच्या मुलीच्या लैंगिक संबंधांची माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे १३ वर्षांखालच्या मुलाची लैंगिक संबंधांना संमती कायद्याला मान्यच नाही, त्यामुळे अशी माहिती सहसा पुढे द्यावी लागते. मुलाखत ग्लासगो किंवा एडिनबराला असेल तर स्कॉटलंडचा मुलांच्या संमतीबद्दलचा १९९१चा वेगळा कायदा आहे, तोही बघून ठेवा.

निशिगंध: आणि 'दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला तर?' असं विचारलं तर?

आघाडा: खोटं बोलायचं नाही, आणि मुलगी आली होती की नाही हेही सांगायचं नाही. 'कुठल्याही पेशंटबद्दल मला बोलता येत नाही, पण तुम्हाला काळजी कसली वाटते ते सांगा' असं म्हणता येतं. शिवाय परीक्षक प्रसंग फिरवतात: तीच मुलगी जीव वाचवणारं रक्त घ्यायला नकार देते. इथे गिलिक तसंच्या तसं लावू नका. मुलाची संमती चालते, पण अशा वेळी त्याचा नकार कोर्ट बाजूला ठेवू शकतं.