मेळघाटात सहा आठवडे फील्ड इंटर्नशिप, तयारी काय करू?

पुण्याची_चिमणी
नमस्कार मंडळी. मी टीवायबीएस्सी झूऑलॉजी, परीक्षा संपली की २० एप्रिलपासून सहा आठवडे मेळघाटात एका रिसर्च प्रोजेक्टवर इंटर्न म्हणून चाललीये. काम काय तर कॅमेरा ट्रॅप आणि लाइन ट्रान्सेक्ट, मेलमध्ये एवढंच लिहिलंय. मी आजवर फार तर सिंहगड चढलाय. आईचं एकच पालुपद, वाघ आला तर? मला वाघापेक्षा उन्हाचं टेन्शन आहे. शूज कुठले घेऊ, टॉयलेटचं काय, आणि तिथे जाऊन बावळट ठरू नये म्हणून आत्तापासून काय शिकू? सनकोट नेला तर चालेल ना? स्टायपेंड नाहीये, राहणं-खाणं त्यांचं.

सागाचं_पान
अगं मस्तच! मी तीन वर्षांपूर्वी तिकडेच होते दोन महिने, प्रोजेक्ट वेगळा.

शूज आत्ताच घे आणि रोज घालून तळजाईच्या टेकडीवर चाल. मी निघायच्या आदल्या दिवशी महागडे बूट घेतले, तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड, मग धारणीच्या बाजारातून गार्डदादा घालतात तसले साधे कॅनव्हासचे घेतले तेच शेवटपर्यंत पुरले. मोजे लांब ने आणि पँट त्यात खोचायची, गोचिडांची पिल्लं खसखशीएवढी असतात, चढलेली कळत नाहीत, अंघोळीच्या वेळी गुडघ्याच्या मागे नीट बघायचं.

ट्रान्सेक्ट म्हणजे साधारण २ किलोमीटरची ठरलेली सरळ रेघ, उजाडता उजाडता गप्प चालायची. प्राणी दिसला की किती आहेत, रेंजफाइंडरवर (अंतर मोजायचं यंत्र) किती लांब आणि कंपासवर कुठल्या दिशेला. सगळे चुकतात ते इथे, चितळ आपल्याला बघून पळतं आणि आपण ते जिथे जाऊन थांबलं तिथलं अंतर घेतो. पहिल्यांदा दिसलं तिथलंच घ्यायचं, म्हणून दिसल्या दिसल्या तिथलं झाड नजरेत धरून ठेव. पुढे त्यावरून प्राणी रेघेपासून काटकोनात किती लांब होता ते काढतात (अंतर गुणिले रेघ आणि प्राणी यांच्यातल्या कोनाचं साइन, अकरावीचं गणित कामाला येतं हो) आणि जंगलात चितळं किती ते शेवटी त्याच्यावर निघतं. तळजाईवर मोर आहेत, त्यांच्यावर प्रॅक्टिस कर. हसू नकोस, खरंच कर.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, ते वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, एकाची डावी आणि एकाची उजवी बाजू मिळाली तर तो एकच वाघ की दोन ते कोण सांगणार. साधारण गुडघ्याच्या उंचीवर, आणि अगदी समोरासमोर नाही, जरा तिरके, नाहीतर याचा फ्लॅश त्याच्या तोंडावर. आता माझा पराक्रम ऐक. बॅटऱ्या बदलल्यावर एका कॅमेऱ्याची तारीख रीसेट झाली आणि मी बघितलंच नाही, नऊ दिवसांचे फोटो, त्यात एक सुंदर बिबट्या, आणि सगळ्यांवर जानेवारीची तारीख. बॅटऱ्या किती वाजता बदलल्या ते वहीत असतं तर हिशोब लावता आला असता, तेही लिहिलं नव्हतं. सर काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यानंतर मी प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तारीख-वेळ लिहिलेली पाटी धरून पहिला फोटो काढायचे. समोरचं गवत, फांद्या पण काढ, एका कार्डावर माझे हजारभर फोटो नुसत्या डोलणाऱ्या तेंदूच्या फांदीचे होते. आणि पेन नको, पेन्सिल. घामाने शाई पसरते.

परतवाड्याचा_भाऊ
पोरी, सनकोट आणू नको बाप्पा 😄 पांढरं कापड सागाच्या जंगलात अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. मेंदी रंगाचे, खाकी, मळकट असे सुती फुल बाह्यांचे शर्ट आण आन् एक मोठा दुपट्टा, डोकं-कान बांधाले. मे महिन्यात इकडं पारा ४४-४५ वर जाते, सागाले पान राहत नाही म्हणजे सावली बी नाही. पाणी चार-पाच लिटर तरी लागते दिवसाले, तहान लागायची वाट पाहू नको. ओआरएसची पाकिटं ठेव, खिशात कांदा ठेवते म्हणतात तो ठेव नाहीतर नको ठेवू, पण भरपेट पाणी पिल्याशिवाय कॅम्पच्या बाहेर पडू नको.

आईले सांग वाघ दिसला तर नशीब, भ्यायचं असंन तर अस्वलाले भे. एप्रिलात मोहफुलं पडते, पहाटे अस्वल बी येते आन् वेचाले माणसं बी येते, तिथंच गाठ पडते. नाल्याच्या वळणावर, दाट झुडपात गार्डच्या पुढं जायचं नाही. तो थांबला का थांबायचं, काहून म्हणून मंग विचार. मे लागला का तेंदूपत्त्याचा सीझन, भल्या सकाळी पूर्ण गावं जंगलात असते, तुह्या कॅमेऱ्यात वाघ कमी आन् डोक्यावर गठ्ठे घेतलेल्या बायाच जास्त येईन. ते फोटो कोणाले दाखवत फिरू नको.

कोरकू दोन-चार शब्द शिकून घे तिथंच. वाघाले ते कुलामामा म्हणते, मामा हाय तो त्यायचा.

खडूस_काका
सगळे जंगलात रमले, कागदांचं कोणी बोलतच नाही. व्याघ्र प्रकल्पात रिसर्चला वनखात्याची लेखी परवानगी लागते, त्या पत्रात तुझं नाव आहे का ते आधी विचार. माझ्या भाच्याचं एका ठिकाणी नव्हतं, चार दिवस गेटबाहेर बसून होता. अपघात विमा कोणाचा, आणि जमवलेला डेटा नंतर तुला कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरता येईल का, तेही मेलवर लेखी घे. फोनवर सगळे हो म्हणतात. फुकट राबवून घ्यायचं आणि वर अनुभव मिळतो म्हणायचं, हे मला पटत नाही, पण तो तुझा प्रश्न.

पुण्याची_चिमणी
बाप रे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. काका, परवानगीचं डोक्यातच नव्हतं, आत्ता मेल टाकला. सनकोट कॅन्सल. @सागाचं_पान ताई, टॉयलेटचं राहिलं बघ.

सागाचं_पान
हो अगं, राहिलंच. कॅम्पवर असतं, फील्डवर नाही. बरोबरच्या गार्डना सरळ सांगायचं, दादा तुम्ही पुढे व्हा, ते बिचारे पाठ करून थांबतात. लाजून पाणी कमी पिणाऱ्या दोघी पाहिल्यात मी, एकीला सलाईन लागलं. पाळीचं सामान सहा आठवड्यांचं पुण्याहूनच ने, वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत परत कॅम्पवर आणायचे, जंगलात पुरायचे नाहीत, जनावरं उकरतात. आणि घरी आत्ताच सांगून ठेव की नेटवर्क नाही, दोन-तीन दिवस फोन आला नाही तर घाबरायचं नाही. मी सांगितलं नव्हतं, पाचव्या दिवशी बाबा सेमाडोहला हजर.

परतवाड्याचा_भाऊ
आले तं येऊ दे, येताना आंबे घेऊन ये म्हणा.