पुढच्या दाराला 'यार्री', मागच्या दाराला 'कोण गं'
पोपट म्हणजे नुसती टेप, ऐकलं तेच ओकतो, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. लहानपणी खानापूरला आत्तीकडे राघू होता. पुढच्या दाराची कडी वाजली की तो 'यार्री?' (कानडीत 'कोण?') म्हणायचा, आणि परसदाराची वाजली की 'कोण गं?' पुढून येणारे बहुतेक कानडी बोलणारे, मागून शेजारच्या आपल्या मराठी बायका, आणि आत्ती त्या-त्या भाषेत विचारायची. दोन्ही कड्यांचा आवाज वेगळा होता, तो त्यानं बरोबर धरलेला. पण वाऱ्यानं पुढची कडी हलली तरी 'यार्री?' यायचंच, आणि उत्तराची वाट तो कधी बघायचा नाही. म्हणजे कुठल्या वेळी काय म्हणायचं हे त्याला नेमकं कळत होतं. आपण प्रश्न विचारतोय हे कळत होतं असं मला वाटत नाही.

पोपटांवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांचा पोपट ॲलेक्स मात्र पुढे गेलेला. तो आफ्रिकन ग्रे जातीचा. त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांना वस्तू दाखवून नाव विचारायची, बरोबर सांगेल त्याला ती वस्तू मिळायची. ते बघत तो शिकला. पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग, सहापर्यंतची मोजणी. दोन वस्तू दाखवून 'वेगळं काय?' विचारलं तर तो 'रंग' किंवा 'आकार' असं सांगायचा, नवीन वस्तूंच्या बाबतीतही. 2007 साली तो गेला. आपल्या राघूंना असं कुणी शिकवलेलंच नसतं. (आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. आत्तीला ते माहीत नव्हतं, पण आता कृपया कुणी आणू नका.)