तलवारीच्या आयती एका पारड्यात, डोंगरावरचं प्रवचन दुसऱ्यात: हे माप बरोबर आहे का?

वसईचा_मास्तर
निवृत्त शिक्षक, कॅथलिक. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर परवा कुराणातल्या ‘तलवारीच्या आयतीं’ची यादी आली. खाली एकाने लिहिलं, ‘मास्तर, दुसरा गाल पुढे करणारे तुम्हीच बरे.’ सुखावायला हवं होतं, पण त्याच रात्री जुन्या करारातला १ शमुवेल, अध्याय १५ काढला. अमालेक्यांचे पुरुष, बायका, तान्ही पोरं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं, काही राखू नकोस, असा इस्राएलचा राजा शौल याला देवाचा हुकूम. त्याने राजाला आणि धडधाकट गुरांना राखलं, आणि तिथेच देवाने त्याला राजा म्हणून नाकारलं. ‘आज्ञाभंग केला म्हणून’ असं धर्मशिक्षणात ऐकत आलो. पण तान्ही पोरं ती तान्हीच ना?
मग आपल्याकडचं नेमकं मत्तय ५, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, काढायचं आणि त्यांच्याकडचा नेमका सूरह (अध्याय) तौबा, ही मापात पाप करण्याची रीत नाही का? दोन्ही वाचलेल्यांनीच बोला. फॉरवर्ड नकोत.

रोखठोक
दोन्हीकडे रक्तच आहे. लूक १९:२७ वाचा. ‘माझ्यासमोर ठार करा’ हे येशूच्याच तोंडी आहे.

वसईचा_मास्तर
अहो, ते दृष्टांतातल्या राजाचं बोलणं आहे. आधीच्या पंधरा ओळी सोडल्यात तुम्ही. हेच तर म्हणतोय मी.

दापोलीकर
मास्तर, सलाम. तौबाची ५वी आयत सगळ्यांना पाठ: मुश्रिक (अल्लासोबत इतरांना पुजणारे) सापडतील तिथे मारा. ४थीत मात्र करार पाळणाऱ्यांना वगळलंय. आणि ६वीत त्यांच्यातला कुणी आसरा मागेल तर द्या, अल्लाचं वचन ऐकू द्या, मग त्याच्या सुरक्षित जागी पोचवा, असं आहे. ११४ सूरांपैकी बिस्मिल्लाहने (‘अल्लाच्या नावाने’) सुरू न होणारी हीच एक. ती उणीव पुढे सूरह नम्लमध्ये भरून निघते, सुलेमानने शेबाच्या राणीला लिहिलेल्या पत्रात.
पण आमचेही लोक काही कमी नाहीत. ‘एकाचा खून म्हणजे साऱ्या माणुसकीचा खून’ ही सूरह माइदाची ३२वी आयत भाषणात हमखास येते. तीसुद्धा अर्धी, मधला अपवाद गाळून. ३३वीत हातपाय तोडायची शिक्षा आहे, तिथे भाषण थांबतं. ३४वीत पकडले जाण्याआधी तौबा (पश्चात्ताप) करणाऱ्यांना सूट आहे, तिथपर्यंत तर कुणीच जात नाही.
माझ्यापुरतं सांगतो. घरात कुणी आजारी पडलं की आजी चिंचोक्यांचा ढीग पुढ्यात घेऊन आयते-करीमा मोजायची. माशाच्या पोटात यूनुसने केलेली दुआ आहे ती: ‘तुझ्याशिवाय कुणी माबूद (पूज्य) नाही, तू पाक आहेस, चुकलो तो मीच.’ त्याच्या गावाने ईमान आणलं (श्रद्धा ठेवली) आणि येणारा अजाब, म्हणजे देवाची शिक्षा, टळला. तुमच्याकडे तो योना ना?

वसईचा_मास्तर
तोच. काल पुन्हा वाचला, चारच अध्याय. मासा सगळ्यांना आठवतो, चौथा अध्याय कुणाला नाही. निनवे म्हणजे शत्रूचं शहर, आजचं मोसुल. देवाने ते वाचवलं म्हणून हा संदेष्टा चिडतो, मरण मागतो, गावाबाहेर जाऊन बसतो. देव त्याला विचारतो, उजवाडावा न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं, यांची मला कीव येऊ नये?
शमुवेलात गुरंसुद्धा मारायची, आणि योनात गुरांचीसुद्धा कीव. एकाच जिल्दीत! चाळीस वर्षं शिकवलं, पण ही दोन पानं शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती.

रोखठोक
आणि मोसुलची ती यूनुसची कबर आयसिसने २०१४मध्ये सुरुंग लावून उडवली.

दापोलीकर
हो. त्यांनाही कुराण पाठ होतं. मशीद होती ती, रोखठोकभाऊ. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, तिघांच्या मानाची जागा.

वसईचा_मास्तर
ग्रुपवर योनाचा चौथा अध्याय टाकलाय, वर काही न लिहिता. दोघांनी अंगठा दाखवला, एक ग्रुप सोडून गेला. दापोलीकर, आजीचे चिंचोके किती असायचे?

दापोलीकर
हजार. लहानपणी आम्ही त्यातलेच चोरून भाजून खायचो, म्हणून दर खेपेला आधी मोजून घ्यायची.