क्लब हाउसचा टीव्ही, आसावरी आणि ५०२

गोखले काका (ए-२०४): सर्व सभासदांना नम्र विनंती. क्लब हाउसचा टीव्ही सर्वांचा आहे. काल साडेसातला मी बातम्या बघत असताना रिमोट घेऊन मालिका लावण्यात आली. नाव घेत नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजेल. 🙏

पाटील वहिनी (बी-३०३): घ्या ना नाव काका, मीच होते. तुमचे डोळे मिटले होते म्हणून रिमोट टीपॉयवरून उचलला.

निखिल (सी-४०४): काका डोळे मिटून हेडलाइन्स ऐकतात, वहिनी 😄

गोखले काका (ए-२०४): निखिल, मी पाटील वहिनींशी बोलतोय. आणि मालिका तरी कसली? वय उलटून गेलेल्यांची प्रेमप्रकरणं. तिथे पोरं कॅरम खेळतात, जरा भान ठेवा.

फडके (डी-१०३): क्लब हाउसच्या मागच्या दोन महिन्यांच्या वीजबिलाचा खुलासा अजून मिळालेला नाही.

पाटील वहिनी (बी-३०३): 'वीण दोघातली ही तुटेना'त प्रकरण काय दिसलं तुम्हाला? लग्नाचं वय गेलं असं ज्यांना ऐकवतात, अशा दोघांची गोष्ट आहे. तेजश्री प्रधानने २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई'त सासूचं, म्हणजे आसावरीचं, लग्न लावून दिलं, आता तिची स्वतःची उशिराच्या लग्नाची गोष्ट चालू आहे. मी दोन्ही मनापासून बघितल्या.

देशमुख काकू (ए-३०१): आसावरीची सर हिला नाही गं. निवेदिता सराफ नुसती पोळ्या लाटत उभी असायची तरी कळायचं मनात काय चाललंय. गिरीश ओकांचा अभिजित राजे पण किती शांत. लग्न लागेपर्यंत मी एक भाग चुकवला नाही. नंतर मात्र सारखा तिचा मुलगा सोहम, बबड्या, बबड्या. ज्यांच्यासाठी बघत होतो ते दोघं कोपऱ्यात.

पाटील वहिनी (बी-३०३): खरंय. आणि पुढे 'अग्गंबाई सूनबाई' काढली त्यात सून शुभ्रा करणारी नटी बदलली, सोहमचा नटही बदलला. मी सोडून दिली. पण काकू, बबड्या खोटा नव्हता हो. आईच्या जिवावर लोळणारे आपल्या बिल्डिंगमध्येही आहेत.

देशमुख काकू (ए-३०१): हे कोणाला उद्देशून?

पाटील वहिनी (बी-३०३): कोणालाच नाही काकू, मालिकेबद्दल बोलतेय.

देशमुख काकू (ए-३०१): माझा मुलगा घरून काम करतो. लॅपटॉपवर. लोकांना दिसत नाही म्हणजे काम नसतं असं नाही.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी. टीव्हीच्या वेळांचा विषय कमिटी बघेल.

फडके (डी-१०३): वेळा नंतर ठरवा. वीजबिलाचा खुलासा आधी द्या. हा तिसरा मेसेज आहे.

निखिल (सी-४०४): फडके काका, दुसराच आहे.

फडके (डी-१०३): गेल्या आठवड्यातला धरून तिसरा.

गोखले काका (ए-२०४): आसावरीचं मी समजू शकतो. माझ्याही घरी लागायची ती, रात्री साडेआठला. तिथे सुनेने पुढाकार घेतला, आसावरीचे सासरे, म्हणजे आजोबा, आधी चिडले आणि मग मानले. रवी पटवर्धनांनी तो करारी म्हातारा काय सुंदर उभा केला होता. सगळं घराच्या संमतीने, रीतीने झालं. माझा आक्षेप रीत सोडण्याला आहे.

सावंत (बी-१०२): काका, संमती मिळाली कारण समोर अभिजित राजे होता. नावाजलेला शेफ, पैसा, मान. त्याच्या जागी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर असता तर आजोबा मानले असते? लेखकांनी अडचणीतली निम्मी अडचण आधीच काढून टाकली होती, हे मला तेव्हाही खटकायचं.

पाटील वहिनी (बी-३०३): सावंत भाऊजी, तुम्ही बघायचात?? ताईंनी कधी सांगितलं नाही.

सावंत (बी-१०२): जेवायला बसलो की समोर तेच असायचं. आणि आसावरीच्या आधी त्याच वेळेला काय होतं आठवतंय का? 'तुला पाहते रे'. विक्रांत सरंजामे आणि त्याच्या निम्म्या वयाची ईशा. तेव्हा कट्ट्यावर सगळे सुबोध भावेचे सूट वाखाणत होते. पुरुषाचं वय चाळीसच्या पुढे असलं की तो रुबाबदार. बाईचं पन्नास झालं की लगेच पोरांच्या कॅरमची काळजी.

गोखले काका (ए-२०४): मी ती बघत नव्हतो. मुद्दा असा आहे की टीव्हीवर बघून लोक घरात तेच करतात. मे महिन्यात पाचव्या मजल्यावर, ५०२ च्या काकांच्या दुसऱ्या लग्नावरून, जो तमाशा झाला तो सगळ्यांनी जिन्यात उभं राहून ऐकला आहे. पोलीस बोलवायची वेळ आली होती.

सेक्रेटरी: काका, विनंती आहे. ते स्वतः या ग्रुपवर आहेत.

निखिल (सी-४०४): [हा मेसेज डिलीट केला आहे]

पाटील वहिनी (बी-३०३): वाचला मी. शोभत नाही निखिल.

निखिल (सी-४०४): सॉरी वहिनी.

दामले काकू (सी-१०१): मी सहसा इथे लिहीत नाही. आज लिहिते.

तमाशा ५०२ ने केला नाही. तिथल्या काकांची दोन मुलं येऊन दारात ओरडली. लग्न झालेल्या दोघांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता, मी त्या वेळी लिफ्टपाशीच होते. आसावरीसाठी रोज रात्री डोळे पुसणाऱ्या किती जणी त्या दिवशी जिन्यात होत्या हे मला माहीत आहे. एकीनेही वर जाऊन त्या बाईला पाणी विचारलं नाही.

मालिकेबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. तिथे एक हट्टी मुलगा दाखवला, तो वळला की सगळं सुरळीत. खऱ्या बाईला मुलाच्या आधी पेन्शन आडवं येतं. ५०२ च्या काकूंचे पहिले यजमान कंपनीत होते, पीएफवाल्यांचं विधवा पेन्शन त्यांना मिळत होतं. लग्न केलं आणि बंद झालं. नियमच तसा आहे, मृत्यू किंवा पुनर्विवाह होईपर्यंत. काकांचं स्वतःचं पेन्शन लग्नानंतर एका रुपयाने कमी झालं नाही. म्हणजे दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर सह्या केल्या आणि हातची रक्कम गेली ती फक्त तिची. रक्कम मोठी नसते, पण ती महिन्याच्या महिन्याला कोणापुढे हात न पसरता मिळते. हे एका तरी भागात दाखवायचं होतं. म्हणूनच कितीतरी जण या वयात लग्न न करता सोबत राहतात, आणि मग तुम्हीच म्हणता रीत सोडली.

पाटील वहिनी (बी-३०३): काकू, हे पेन्शनचं मला खरंच माहीत नव्हतं.

देशमुख काकू (ए-३०१): मी जिन्यात नव्हते, मी दूध घ्यायला खाली चालले होते.

शिर्के ताई (डी-२०१): दामले काकूंचं बरोबर आहे. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत तसंच आहे. केंद्र सरकारी फॅमिली पेन्शनही पुनर्विवाहानंतर थांबतं. अपवाद फक्त मूल नसलेल्या विधवेचा, तिलाही उत्पन्नाची मर्यादा आहे. दुसरी बाजूही सांगते. ५०२ चे काका केंद्र सरकारी आहेत. निवृत्तीनंतर लग्न केलं तरी त्यांच्या माघारी या पत्नीला फॅमिली पेन्शन मिळू शकतं. त्यासाठी त्यांनी हयातीतच कार्यालयाला कळवून तिचं नाव लावून घ्यायला हवं. कोणी बोलत असेल त्यांच्याशी तर एवढं सांगा.

फडके (डी-१०३): वीजबिल.

गोखले काका (ए-२०४): शिर्के ताई, कायदा मलाही कळतो, बँकेत पस्तीस वर्षं काढली. पण त्या मुलांच्या जागी उभं राहून बघा. ५०२ चे निम्मे हप्ते पहिल्या वहिनींनी शाळेच्या पगारातून भरले. माझ्या शाखेतच खातं होतं. ती बाई आजारपणातही हप्ता चुकवू नका म्हणायची. तिचं घर उद्या कोणाकडे जाणार ही भीती त्या मुलांना वाटली तर ते बबड्या होत नाहीत. त्यांचं ओरडणं चूक. भीती चूक नाही.

दामले काकू (सी-१०१): हे तुम्ही बरोबर बोललात भावजी. त्या माझी मैत्रीण होत्या. पण भीती घालवायला दारात शिव्या कशाला?

शिर्के ताई (डी-२०१): काका, फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी आणि मुलं सारख्या हिश्शाचे वारस. दुसरं लग्न असलं तरी ती कायदेशीर पत्नी आहे. मुलांना आईच्या कष्टाचं घर सांभाळायचं असेल तर वडिलांशी नीट बोलून मृत्युपत्र करून घ्यावं. त्यात पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर फ्लॅट मुलांना असं लिहिता येतं. दोघांचीही सोय होते. पन्नाशी-साठीतल्या लग्नाची मालिका मी लिहिली तर पहिला महिना याच चर्चेचा असेल.

निखिल (सी-४०४): ताई, टीआरपी गेला.

सावंत (बी-१०२): मी बघेन. जेवताना.

पाटील वहिनी (बी-३०३): मीही बघेन. पण त्यात स्वयंपाकघरातलं ते पहिलं हसणं पाहिजे. नुसती कागदपत्रं नकोत. आसावरीला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला काय आवडतं, आणि तिला उत्तरच सुचेना, तसं काहीतरी. माझ्या आईला बाबा गेल्यावर कोणी हे विचारलं नाही. मीसुद्धा.

दामले काकू (सी-१०१): मला विचारतात, भजनी मंडळात येता का. चार वर्षं झाली. मला भजन आवडत नाही.

देशमुख काकू (ए-३०१): अगं मग आधी नाही का सांगायचं. मीच सारखी बोलवत होते.

सेक्रेटरी: चर्चा चांगली झाली. टीव्ही: साडेसात ते आठ मालिका, आठनंतर बातम्या, कॅरम मागच्या खोलीत. फडके काका, बिल उद्या फोटो काढून टाकतो.

शिर्के ताई (डी-२०१): सेक्रेटरी साहेब, अजून एक. ५०२ चा नॉमिनेशनचा फॉर्म दोन बैठका पडून आहे. का?

सेक्रेटरी: मुलांचं हरकतीचं पत्र आलं आहे. त्यामुळे मंजुरी थांबली.

शिर्के ताई (डी-२०१): नॉमिनेशनला कमिटीची मंजुरी नसते, नोंद असते. सभासदाने कोणाचं नाव द्यावं हा त्याचा अधिकार. नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारसांचे हक्क कुठे जात नाहीत. पत्र फाइलला लावा आणि नोंद करा.

गोखले काका (ए-२०४): कमिटीत मीही आहे. नोंदीला अडवणार नाही. पण मुलांचं पत्र बैठकीत वाचून दाखवलं गेलं पाहिजे आणि माझं मत मिनिट्समध्ये यावं.

दामले काकू (सी-१०१): वाचा. त्यांच्या आईने भरलेल्या हप्त्यांचंही लिहा, कोणीतरी लिहायलाच हवं.

शिर्के ताई (डी-२०१): लिहूया. आणि ५०२ च्या फॉर्मची पावती रविवारच्या बैठकीतच द्या, पुढे ढकलू नका.